बाईसाहेबांचा डावा पाय

"गिळलीस? आ कर. जीभ वर कर बघू. आता गाल फुगव... लबाडा, काय दडवलंयस?"

आई जाऊन कितीतरी वर्षं लोटली, पण औषधाची बाटली हातात आली की ताईच्या कानाशी हा आवाज अजून यायचा. बाहुल्यांच्या खेळांच्या दौऱ्यावर निघण्याआधी आई दोघा भावंडांना दाराशी ओळीने उभं करायची. ताई घटकन गोळी गिळून मोकळी व्हायची. धाकट्याची मात्र जिभेखाली, गालात, नाहीतर दाढेमागे दबा धरून बसायची आणि आईची पाठ वळली की एखाद्या बाहुलीच्या बाहीत जाऊन पडायची. एकदा भर खेळात लाकडी राजाने आशीर्वादाला हात उचलला आणि बाहीतून गोळ्या टपटप खाली सांडल्या. लोकांना वाटलं, राजा दान करतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. काळ्या जाळीआडून आईने धाकट्याला असा चिमटा काढला, की त्याच्या हातातल्या घोड्याने उगाचच उडी मारली.

खेळ संपल्यावर चिमट्याच्या जागी हात फिरवत तीच गुणगुणायची,

गोड घास जिभेला, कडू घास पोटाला,
पोट राहो जागेवर, पाय लागोत वाटेला.

पोट आणि पाय. बाहुल्यांच्या खेळावर जगणाऱ्याला दुसरं लागतं काय! पोट बिघडलं की पाय लटपटतात, पाय लटपटले की बाहुली लटपटते, आणि बाहुली लटपटली की अंधारात बसलेल्या माणसांना एकदम कळतं, की हे लाकूड आहे.

आईने जाताना मागे ठेवली ती बाईसाहेब. तिचं खरं नाव काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. हातभर उंचीची लाकडी म्हातारी, मान जराशी तिरकी, हनुवटी वर. तोऱ्याकडे बघून धाकट्यानेच लहानपणी तिचं नाव बाईसाहेब ठेवलं होतं. तिची गोष्ट अगदी साधी. एक म्हातारी लांब राहणाऱ्या लेकीला भेटायला पायी निघते. वाटेत नदी लागते, बाजार लागतो, उन्हाचा चढ लागतो, शेवटी लेकीचं दार. बस्स. पण ती चालते, म्हणून गोष्ट आहे.

तिला चालवायला दोन माणसं लागायची. एकजण मागे उभं राहून डोकं आणि उजवा हात सांभाळणार, दुसरा खाली वाकून दोन्ही पाय. दोघांच्या अंगावर काळे कपडे, तोंडावर काळी जाळी, आणि दिवा फक्त बाईसाहेबांवर. बाकी सगळं सभागृह काळोखात. एकमेकांकडे बघायची सोय नाही, बोलायची तर नाहीच. मग ताळमेळ जुळायचा कशावर? श्वासावर. डोकंवाल्याने श्वास आत घेतला की पायवाल्याने पाऊल उचलायचं, सोडला की टेकवायचं, आणि डोकंवाल्याने पायवाल्याचा श्वास ऐकून मान हलवायची. आई म्हणायची, "श्वास ऐका रे. तोंड खोटं बोलतं, श्वास नाही बोलत."

आईने डोकं ताईला दिलं आणि पाय धाकट्याला. आणखी एक नेम घालून दिला. ज्याच्या हातात जो भाग, त्याची डागडुजी त्यानेच करायची, दुसऱ्याने तिथे हत्यार लावायचं नाही. लाकडाला एकाच हाताची सवय लागते, असं तिचं म्हणणं. आई गेली तरी नेम तसाच राहिला. ताईने कधी पायांना हात लावला नाही, धाकट्याने कधी डोक्याला.

धाकट्याचं पोट मात्र लहानपणापासून नाजूक. परक्या गावचं पाणी लागलं की संपलंच. तो आता डोक्यावरचे केस मागे हटलेला बाप्या झाला होता, तरी प्रवासाचं नाव निघालं की ताईच्याच पोटात गोळा यायचा. कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाईंनी एकदा प्रोबायोटिकच्या कॅप्सूल दिल्या. "आतड्यातले चांगले जंतू असतात यात. जिवंत. निघायच्या आधीपासून घ्यायच्या, प्रवासातही चालू ठेवायच्या. या बाटलीला ऊन लागू देऊ नका. कुणाला गुण येतो, कुणाला नाही, हे आधीच सांगते. पाणी उकळून पिणं आणि हात धुणं सोडू नका." ताईने 'जिवंत' एवढं ऐकलं आणि पुढचं सगळं तिच्या कानावरून गेलं. तिने त्या बाटलीसाठी बर्फाचा डबा घेतला, त्याला ओलं फडकं गुंडाळलं, आणि गाडीत तो मांडीवर घेऊन बसायला लागली.

"माझ्या पोटात केवढी वस्ती वसवतेयस, ताई," धाकटा म्हणायचा. "उद्या निवडणुका घेतील आत."

"घेऊ देत. तू फक्त गप गिळ."

"गिळतोय की. हे बघ, आ..."

तो मोठ्ठा आ करायचा. ताई हसून मान फिरवायची. एवढ्या मोठ्या माणसाला जीभ वर करायला काय सांगायचं?

गेल्या वर्षी त्यांना समुद्राकाठच्या एका मोठ्या सभागृहाचं बोलावणं आलं. आईलाही कधी मिळालं नव्हतं असं बोलावणं. धाकट्याला तिथली भाषा चांगली यायची, म्हणून फोनवरचं सगळं त्यानेच ठरवलं. खेळाच्या दिवशी सकाळी तो न्हाणीघरातून बाहेर आला तो पोट धरून, कमरेत वाकून. "ताई, मुरडा येतोय गं. उभं राहवत नाही." ताईने बाटली शोधली. बाटली डब्यात नव्हती. आदल्या दिवशी वितळलेला बर्फ काढताना तिने ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती आणि तिथेच विसरली होती. पडद्यामागे कालचं दिवसभराचं ऊन, आज पुन्हा सकाळचं. हात लावला तर बाटली गरम.

जिवंत म्हणाल्या होत्या त्या बाई. आणि आपण आपल्या हाताने ते जीव उन्हात शिजवले.

खेळ रद्द करायला धाकट्याने नको म्हटलं. "तू जा. काहीतरी कर. मी पडतो." ताई बाईसाहेबांना कडेवर घेऊन एकटीच गेली.

त्या संध्याकाळी तिने काय केलं ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. डोकं मागच्या काठीवर, काठी बगलेत दाबलेली, उजव्या हातात बाईसाहेबांचा हात. पाय लुगड्यासारखे लोंबत होते, ते तिने वर दुमडून घागऱ्यात खोचून टाकले. आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून, डाव्या हाताचा काळा मोजा दातांनी ओढून काढला. बाईसाहेबांच्या घागऱ्याखालून तिची उघडी बोटं निघाली. दोन बोटं. सुरकुतलेली, सरसाचे डाग पडलेली. ती चालायला लागली. नदीत भिजली, बाजारात अडखळली, चढावर थांबून थांबून चढली. लेकीच्या दाराशी पोचल्यावर बोटं दमून मंचावर आडवी झाली आणि दिवा विझला.

सभागृहात चिटपाखरू हललं नाही.

टाळी नाही, खाकरणं नाही. काहीच नाही. ताईला वाटलं, आपण आईची लाज काढली. बाहुलीला माणसाची बोटं लावली! तिने बाईसाहेबांना छातीशी धरलं आणि मागच्या जाड दारातून जी बाहेर पडली ती पडलीच. मागच्या अंगणात रिकामी खोकी रचलेली होती, त्यातल्या एकावर बसून पोटभर रडली. मग वाटेत दोनदा रस्ता चुकत खोलीवर पोचली. धाकटा अंथरुणात, गळ्यापर्यंत चादर, कपाळावर ओली घडी. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"फार होतंय का रे?"

"हं."

"माझंच चुकलं. बाटली उन्हात राहिली माझ्या हातून. खेळही घालवला मी. लोक गप्प बसून राहिले."

धाकट्याने कपाळावरची घडी उलटी केली.

"आता माझ्यात काही राम नाही, बारक्या. डोकं तू घे. मी पाय घेते."

त्याने डोळे मिटूनच घेतले. तसाच म्हणाला, "तू म्हणतेस तर."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते तिथून निघाले. तेव्हापासून वर्षभर डोकं त्याचं, पाय तिचे. वाकून वाकून तिची कंबर धरायची. त्यातही बाईसाहेबांचा डावा पाय काही केल्या वेळेवर उचलला जायचा नाही, जड जड वाटायचा. वरून धाकट्याचा आवाज यायचा, "डावा ओढतेस, ताई. आईने एवढं शिकवलं आणि तू डावा ओढतेस." ती मुकाट्याने पुन्हा करायची. चूक केलेल्या माणसाने ऐकून घ्यायचं असतं, असं तिने मनाशी धरलं होतं.

आणि आता त्याच सभागृहाचं पुन्हा बोलावणं आलं होतं. "बोलावलंय," धाकट्याने फोन ठेवत एवढंच सांगितलं. ताईला आश्चर्य वाटलं, मग भीती. त्या काळोखात पुन्हा उभं राहायचं! निदान या वेळी काही चुकायला नको. तिने नवी बाटली आणली, नवा डबा आणला. आणि बाईसाहेबांच्या तळव्याचं लोकरी कापड झिजलं होतं, ते बदलायला घेतलं. पाय तिचे होते. नेमाने दुरुस्तीही तिचीच.

दुपारची वेळ होती. कामाच्या खोलीत सरस गरम होत होता, टेबलावर लाकडाचा भुसा. उजवा तळवा निघाला, नवा बसला. डाव्याचं कापड सोलताना आत काहीतरी हललं. पाय आतून पोकळ कोरलेला असतो, हलका राहावा म्हणून. त्यात हलायचं काय कारण? घोट्याच्या भोकात चिंधीचा बोळा ठासलेला दिसला. तिने चिमट्याने बोळा ओढला.

आधी वास आला. आंबूस, दमट. मग पाय उलटा करून तिने टेबलावर आपटला, आणि आतून कॅप्सूल पडल्या. काही सुट्या, काही घामट होऊन एकमेकींना चिकटलेल्या, एक पूर्ण गोळाच. पांढऱ्या-तपकिरी. ताईने न बघताही ओळखल्या असत्या. गेल्या वर्षीच्या. तिने रोज सकाळी त्याच्या तळहातावर ठेवलेल्या, एकेक.

ती खुर्चीवर बसली. सरस करपायला लागला तरी उठली नाही.

म्हणजे त्याने घेतल्याच नव्हत्या. बाटली उन्हात राहिली काय आणि सावलीत राहिली काय, त्या त्याच्या पोटात गेल्याच नव्हत्या. ती कळवळून सांगत होती, माझंच चुकलं, तेव्हा तो हे जाणून होता. तिने डोकं त्याच्या हवाली केलं, तेव्हाही. वर्षभर तो वरून म्हणत होता, डावा ओढतेस. आणि डाव्यात त्याचंच वजन होतं.

मग तिला तो श्वास आठवला. त्या संध्याकाळचा. भात्यासारखा. आजारी माणसाचा श्वास वरवरचा असतो, कण्हत, कुंथत येतो. हा तसा नव्हता. हा खोल होता, पोटापासूनचा. त्याच्याच श्वासावर तिने उभा जन्म बाहुली चालवली होती. तिला तो त्याच वेळी ओळखू आला होता. तिने ओळखायचं नाही असं ठरवलं, एवढंच.

दाराशी चपला वाजल्या. धाकटा शीळ घालत आला. "करपलं काहीतरी! ताई, झोपलीस का?" त्याने सरसाखालची शेगडी बंद केली. "चल, चढाचा तुकडा एकदा करून घेऊ. आज तरी डावा..."

"आधी गोळी घे."

तिने नव्या बाटलीतली कॅप्सूल त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती तोंडात टाकली, पाणी प्यायला.

"आ कर."

"काय?"

"आ कर. जीभ वर कर बघू. आता गाल फुगव."

तो हसला. "आई अंगात आली का काय तुझ्या?" पण त्याने आ केला. तोंड रिकामं होतं. "गिळली, बाई. या वर्षी रोज गिळतोय."

"का? या वर्षी डोकं तुझ्याकडे आहे म्हणून?"

मग त्याची नजर टेबलावर गेली. भुशात पडलेल्या कॅप्सूल, चिंधीचा बोळा, उघडा पाय. त्याचं हसू तोंडावरच सुकलं.

"काढायच्या राहून गेल्या," तो म्हणाला. "तू पाय लगेच घेतलेस. मग हत्यार कसं लावणार..."

"वा! नेम बरा पाळलास."

"ताई..."

"तू पळत आला होतास," ताई म्हणाली. आवाज चढवायची तिला सवयच नव्हती. "त्या दिवशी. मी खोलीत आले तेव्हा तू नुकताच पळत आला होतास. कुठून?"

त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला, बाहुलीच्या मागे राहावं तसा.

"मला खरंच आजारी पडायचं होतं," तो म्हणाला. "शप्पथ. म्हणून गोळ्या घेतल्या नाहीत. नळाचं पाणी प्यायलो, रस्त्यावरची कापलेली फळं खाल्ली, शिळं खाल्लं. एरवी नुसत्या वासाने आडवा होतो मी. आणि नेमकं तेव्हा पोट लोखंडाचं झालं. काही म्हणता काही होईना! मग..."

"मग सोंग आणलंस."

"हो."

"का रे?"

"कारण सगळे तुझंच बोलायचे. डोळे बघा कसे फिरतात, मान बघा कशी लवते. पाय कसे चालतात, हे एकानं तरी कधी म्हटलं? आईनं तरी? मी आपला खाली वाकलेला. मला एकदा बघायचं होतं, पाय नसले तर काय होतं. लोकांना कळू दे म्हटलं. तुलाही." तो थांबला. "मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. दाराजवळ."

ताईने डोळे मिटले. त्या काळोखात कुणीतरी एक आपलं माणूस होतं. ती एकटी, दातांनी मोजा ओढत असताना.

"बघितलंस सगळं?"

"सगळं."

"आणि पळालास."

"तुझ्या आधी पोचायला हवं होतं."

"मी तुझ्यापुढे रडले, बारक्या. माझ्यात राम नाही म्हणाले. तेव्हा तरी तोंड उघडायचंस. आईनं मला दिलेलं डोकं तू चादरीत पडून घेतलंस. 'तू म्हणतेस तर' म्हणालास! वर्षभर माझी कंबर मोडली, ती मोडू दे. पण मी रोज स्वतःला शिव्या घातल्या रे, आणि तू वरून ऐकत होतास. माझा श्वास ऐकत होतास ना? त्याशिवाय मान हलवता येत नाही. मग तुला कळत नव्हतं?"

त्याने खुर्चीची पाठ सोडली. रस्त्यावरून कुणाची तरी हातगाडी खडखडत गेली.

ताईने बाईसाहेबांचा डावा पाय उचलला, आतला भुगा फुंकून काढला. आता तो पिसासारखा हलका झाला होता. तिने तो टेबलावर ठेवला आणि बाईसाहेबांचं डोकं काठीसकट आपल्याकडे ओढून मांडीवर घेतलं. धाकट्याने हात पुढे केला नाही.

"त्यांना फोन कर," ती म्हणाली. "आम्ही येत नाही म्हणून सांग. मला तुझ्याबरोबर श्वास घेता यायचा नाही आता. आणि त्या लोकांपुढे एकदा झालेली शोभा पुरे."

"शोभा नव्हती ती."

"गप्प बसले होते सगळे."

"हो. बसले होते गप्प." त्याचा आवाज फुटला. "तू दारातून गेलीस. मग एक बाई उभी राहिली, मग तिच्या शेजारचा. मग सगळेच. टाळ्या थांबेनात, ताई. तू परत येशील म्हणून वाट बघत राहिले. माझ्या शेजारचा म्हातारा रडत होता, मला विचारत होता, कोण ही बाई, कोण? मी त्याला सांगितलं नाही. उठलो आणि पळालो."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. बाईसाहेबांची मान तिच्या हातात तिरकी झाली होती, हनुवटी वर.

"वर्षभर," ती म्हणाली, "वर्षभर तू हे पोटात ठेवलंस."

त्याने मान हलवली. श्वास आत घेतला, सोडला नाही. ताईला तो ऐकू येत होता, अडकलेला. त्याच्या पोटात अजून काहीतरी होतं. तिने विचारलं नाही. गोळी गिळवण्यासाठी आई थांबायची तशी ती नुसती थांबली.

"बोलावणं दोघांना नाहीये, ताई," धाकटा शेवटी म्हणाला. "तुला एकटीला आहे. मी फोनवर म्हटलं, आम्ही दोघं येऊ, या वेळी पाय व्यवस्थित चालतील. तर ते म्हणाले, लाकडाचे पाय घरीच ठेवा. त्या बाईंची बोटं हवीत."